बाबांनी ऐकलेली टिटवी

मंगळवार, १२ मे

संध्याकाळी मागच्या रिकाम्या प्लॉटवर टिटवी ओरडायला लागली. सर्जापूर रोडला राहायला आल्यापासून पहिल्यांदाच. मीटिंग तशीच सोडून बाल्कनीत धावले आणि बाबांना फोन लावला. शेत विकून ते पुण्याला दादाच्या फ्लॅटवर गेले, त्याला तीन वर्षं झाली. तिथे कुठली टिटवी?

"बाबा, टिटवी! ऐका," म्हणून फोन कठड्याबाहेर धरला. चांगला मिनिटभर.

"ऐकली गं," बाबा म्हणाले. "अंडी उंचावर घातलीत की सखल जागेत, ते बघ." उंचावर असली की पाऊस चांगला, हे त्यांचं ठरलेलं. सातव्या मजल्यावरून मला काय दिसणार? पण किती खुशीत बोलत होते! लहानपणी शेताच्या बांधावर मला चार अंडी दाखवली होती, तेही बोलण्यात निघालं.

आत्ता लक्षात आलं. मीटिंगमध्ये कुत्र्यांचं भुंकणं जाऊ नये म्हणून, माझा आवाज सोडून बाकी सगळं गाळायचं सेटिंग फोनवर मीच चालू ठेवलंय. म्हणजे टिटवीही गाळली गेली. मिनिटभर बाबा नुसती शांतता ऐकत होते? आणि म्हणाले, ऐकली गं.

सेटिंग बंद केलंय. उद्या बाबांना पुन्हा फोन लावीन. टिटवी तेवढी ओरडायला हवी.