जास्त दुखलं तर

४ मार्च, सोमवार

बाबांच्या पित्ताशयात खडा निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सध्या गोळ्या द्या, पण जास्त दुखलं तर थांबू नका, तडक घेऊन या.

जास्त! ते ठरवायचं कोणी? आमच्या बाबांना साधं दुखतच नाही. तिथेच त्यांनी सांगितलं, "बरगडीखाली कोणीतरी कपाट सरकवतंय. एकटाच. आणि कपाट भरलेलं आहे."

"म्हणजे दुखतंय ना?"

"दुखत नाही हो, सरकवतंय."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

५ मार्च

वॉशिंग मशीनच्या दुरुस्ती केंद्रात फोन घ्यायचा, तक्रार ऐकून बिघाड ओळखायचा — माझी नोकरी हीच. आज एक बाई म्हणाल्या, "मशीन म्हाताऱ्यासारखं खोकतंय." पंप. दुसरी म्हणाली, "आमच्या ह्यांच्यासारखं झालंय — मोठ्या आवाजात सुरू होतं नि मध्येच बसतं." पट्टा. मेकॅनिकचा फोन आला, पट्टाच होता. मला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही, माणसं काय म्हणतात ते कळतं.

मग बापाचं पोट काय जड आहे?

७ मार्च

सापडलं! प्राण्यांवरून मोजायचं. उंदीर म्हणाले तर गोळी. मांजर म्हणाले तर गोळी आणि गरम पाण्याची पिशवी. बैलाच्या वर गेले की दवाखाना. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "तुम्ही दोघंही डोकं तपासून या." जळतो, दुसरं काय.

आज खार होती. उंदरातच धरली.

८ मार्च

नुसतं झुरळ. छान गेला दिवस.

१० मार्च, रविवार

हत्ती!! दुपारी बाबा म्हणाले, "पोटात हत्ती कूस बदलतोय." गाडी बोलावली. शेजारचे काका झोपेतून उठून बनियनवरच धावत आले, त्यांनी बाबांना जवळजवळ उचलून जिना उतरवला. गाडीत बाबांनी दोन केळी खाल्ली. तिसरं काकांना देऊ केलं.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. विशेष काही नाही.

"मग हत्ती?" मी विचारलं.

बाबा म्हणाले, "पिल्लू होतं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "खरंच वेळ आली तर मला कळायचं कसं?" एवढंच म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. लाज वाटली.

११ मार्च

बाबांना बजावलं, आता प्राणी बंद. आकडा सांगायचा, एक ते दहा.

"सात म्हणजे काय गं? सात आकड्याला ना चव, ना वास."

नसू दे, म्हटलं.

जेवताना विचारलं तर "पाच" म्हणाले आणि तोंड पाडून बसले. मलाही घास गोड लागेना. आई गेल्यापासून या घरात हसायला दुसरं आहे काय? शेवटी मीच विचारलं, पाच म्हणजे कसं हो? तर लगेच सरसावून बसले. "बुटात खिळा वर आलाय आणि समोर मोठे साहेब भाषण करतायत. वाकताही येत नाही." मला ठसका लागला. गेले आकडे खड्ड्यात.

१३ मार्च

"पोटात दोन जावा भांडतायत. मोठीचा आवाज चढलाय." गोळी दिली. तासाभराने मोठी माहेरी गेली म्हणे.

१४ मार्च

सकाळी चहा घेऊन गेले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. विचारलं, आज काय?

"दुखतंय."

कशासारखं?

"दुखतंय गं."

तशीच अनवाणी गाडी आणायला पळाले. आता त्यांना आत नेलंय. मी बाहेर बाकावर बसलेय. मला भीती वाटतेय.