टाकीवरची पिल्लं

धंतोली, नागपूर
१२ एप्रिल १९७४

प्रिय जयवंता,

पाय प्लास्टरमध्ये घालून दोन महिने झाले. दवाखान्यासमोरच्या पाण्याच्या टाकीवर ससाण्याची पिल्लं उडायले शिकून राहिली. आज एक पिल्लू धडपडत उडालं अन् पलीकडच्या गच्चीवर बसलेल्या आईजवळ पोचलं. वॉर्डातल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मी तोंड फिरवलं.

सकाळीच तुझं पत्र आलं होतं. माझी लेक प्रेमिला चालाले लागली, पहिली चार पावलं तुझ्याकडे आली. सांभाळ म्हणून मीच तिले तुझ्याकडे भिवापूरले धाडलं होतं. तरी वाटलं, ती पावलं टाकताना तिनं पडावं, अन् माझ्यासाठी रडावं.

"काहून रडून राहिल्या वं बाई?" नर्सनं विचारलं.

"पाय ठणकते," मी म्हटलं.

उद्या तुले कार्ड लिहीन, लय आनंद झाला म्हणून. हे पत्र उशीखालीच राहील.

तुझी ताई,
पार्वती