काकीची बरणी

रविवार, दांडी. संध्याकाळ.

राग कोणावर काढू कळत नाहीये. काल पालघरला कॉलेजच्या लॅबमध्ये काकीच्या विहिरीच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि टेस्ट ट्यूबमध्ये दह्यासारखं पांढरं उतरलं. क्लोराइड. केमिकल कंपनीविरुद्ध पुरावा मिळाला म्हणून इतका खूश झालो की त्या पांढऱ्यावर कविताही लिहिली. काकीला फोन केला. तिने अख्ख्या आळीला सांगितलं, कंपनीच्या सांडपाण्याने विहीर नासली, आमच्या पोराने शोधलं. उद्या सगळे कंपनीच्या गेटवर जाणार.

आज तिच्या ओट्यावर बसून सहज विचारलं, पाणी दिलंस ती बरणी कसली होती?

"सुक्या बांगड्यांची. पन मीठ लावून घासली रे, वास नको म्हनून."

मीठ. मीठ म्हणजे क्लोराइडच. मग ते पांढरं तिच्या हातचंच?

"मंग दुसऱ्या बाटलीत ने. त्यात काय?"

नेईन. तरी थोडं पांढरं येणारच. समुद्र घराला लागून आहे, कंपनीवाले त्याच्याकडेच बोट दाखवतील. टेस्ट पाण्यात क्लोराइड आहे एवढंच सांगते, कुठून आलं ते सांगत नाही. हे काल का नाही सुचलं? कवितेच्या नादात?

काकीला सगळं सांगितलं. ती आत गेली, कळशीतून पेलाभर पाणी आणलं.

"पयले असं नवतं. पिऊन बघ, नि काय लिवायचं ते लिव."

प्यायलो. खारट, आणि मागून जिभेवर कडू.

कविता फाडली. उद्या मीही गेटवर जाणार, ही कळशी घेऊन. साहेबांच्या हातात पेला देऊन एवढंच म्हणणार, प्या.