मामीच्या पगाराची साक्ष

मंगळवार, १२ नोव्हेंबर, दुपारचे सव्वादोन

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

चित्रपटगृहातल्या मधल्या रांगेत बसून खुर्च्यांचे जुने खिळे उपटत होतो, तेवढ्यात तुमचे पाकीट आले. हात पुसून दोनदा वाचले. उत्तर आजच देतो.

पुढच्या वर्षासाठी प्राप्तिकराच्या कायद्यात बदल सुचवले आहेत, हे खरे. अजून मंजूर झालेले नाहीत. इथल्या वाचनालयात बसून सगळे वाचून काढले. नववीतच शाळा सुटल्यामुळे वेळ लागला. सोपे करून सांगतो. सध्या वर्षाच्या पहिल्या तीन लाखांवर कर नाही, ती मर्यादा चार होईल. शिवाय घरचे माणूस धंद्यात राबत असेल, तर त्याचा पगार खर्च म्हणून आपल्या मिळकतीतून वजा होईल. अट एकच, पगार खरोखर दिलेला हवा.

तुम्ही लिहिता की या खुर्च्यांच्या कामामुळे पुढच्या वर्षी मिळकत साडेपाच लाखांवर जाईल; म्हणून मामीच्या नावे दीड लाख पगार कागदावर दाखवू, पैसे गल्ल्यातच राहतील, आणि पगार माझ्यासमोर दिला अशी साक्ष मी द्यावी. मामा, ती सही मी करणार नाही. रागवायचे तर रागवा.

आपल्या दुकानातल्या गाद्यांच्या आणि सोफ्यांच्या सगळ्या खोळी मामी एकोणीस वर्षे शिवते आहे. या खुर्च्यांच्याही तीच शिवून पाठवते. तिला खराच पगार द्या, मग हवी तिथे सही करतो. कर तेवढाच वाचेल. तिचे दीड लाख मर्यादेच्या आत, तुमचे उरलेले चारही आत. फक्त पैसे तिच्या हातात जातील.

आणखी एक. तीन लाख जवळ आले की तुम्ही दरवर्षी दुकानाला कुलूप लावता, कारण एक पैसा वर गेला तर सगळ्या मिळकतीवर कर बसतो असे तुम्हाला वाटते. तसे नाही. इथे पुढच्या रांगा फुकट असत्या आणि मागच्यांना तिकीट, तर मागे कुणी येऊन बसले म्हणून पुढच्यांकडे कुणी पैसे मागितले असते का? कर फक्त मर्यादेच्या वरच्या भागावर. यंदाचे कुलूप काढा.

हे पत्र मामीलाही वाचून दाखवा. रागातही लोभ राहू द्या.

तुमचा भाचा

१९ नोव्हेंबर

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद, आणि दोन कानाखाली. त्या भेटल्यावर.

तुला दुकानात घेतला तेव्हा हातोडी कुठल्या बाजूने धरायची हे ठाऊक नव्हते, आणि आता मला कायदा शिकवतोस. घरच्या बाईला कसला पगार? सगळे तिचेच तर आहे, असे मी म्हणालो. त्यावर तुझी मामी म्हणाली, मग गल्ल्याची किल्ली इकडे द्या. पत्र मी वाचून दाखवले नव्हते. मी चष्मा पुसत होतो, तेवढ्यात तिने उचलून वाचले.

तेव्हापासून शिलाई मशीनवर झाकण आहे. खिडकीपाशी बसून वर्तमानपत्र वाचते, तेही मोठ्याने, आणि कराच्याच बातम्या. शेवटी मीच शिवायला बसलो. तीन खोळी उलट्या शिवल्या गेल्या. म्हणाली, छान झाल्या, प्रेक्षकांना भिंतीकडे तोंड करून बसवा. हिशेबनीसही म्हणतो की मोजपट्टीचे बरोबर आहे. आधी का नाही बोललास, म्हटले, तर म्हणे तुम्ही विचारले कुठे?

चित्रपटगृहाचा मालक दारात येऊन बसण्याआधी उद्याच तिचे खाते उघडतो. पगार याच महिन्यापासून, साडेबारा हजार. पण मागचे काही मागायचे नाही, हे तू तिला समजाव. तुझे ऐकते.

कुलूप काढले आहे. चारचौघांत सांगत सुटू नकोस. तुझ्यावरची माया थोडीच उरली आहे, जपून वापर.

मामा

२८ नोव्हेंबर, सकाळचे दहा

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

खोळींचा गठ्ठा आत्ताच फोडला. सगळ्या सुलट आहेत. वर मामीची चिठ्ठी होती: पगार खात्यात आला, आणि सही करण्याआधी कागद पूर्ण वाचला. सोबत बँकेची पावतीही आहे. ती पाहून साक्षीची सही करून पाठवतो. ती या महिन्यापुरतीच. पुढच्या महिन्याची पावती आली की पुढची सही.

उद्या हा बदल मंजूर झाला नाही, तरी पगार थांबवू नका. कर लागो न लागो, शिलाई तर तिनेच केलेली असेल.

मागचे मागू नकोस, हे तिला समजावणे मला जमणार नाही. मी तिच्या बाजूने आहे. तरीही तुमचाच आहे, तसेच धरून असा.

तुमची मोजपट्टी

खर्च: खिळे १८०, वाचनालयाची अनामत १००, टपाल ४०. एकूण ३२०, तुमच्याकडून येणे.
चहावाल्याचे देणे: ३५.
मामीचे तुमच्याकडून येणे: एकोणीस वर्षांची शिलाई. आकड्याची जागा कोरी ठेवली आहे. ती तुम्ही भरायची.