बारा वाजता न्यायला ये

ठमे,

मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो आहे. कपाटातला तुझ्या आईचा काळा चष्मा मीच घेतला आहे, शोधत बसू नकोस.

"मधुमेह अजून डोळ्यांत उतरलेला नाही, असं डॉक्टर म्हणाले," हे मी तुला गेल्या महिन्यात सांगितलं, ते खोटं होतं. मी दवाखान्याच्या पायरीवरूनच परत आलो. शेजारचा शिंपी तपासणी करून बाहेर येत होता. डोळ्यांत घातलेल्या थेंबांमुळे त्याला धड दिसत नव्हतं आणि त्याची बायको हात धरून "अहो, पायरी आहे, पायरी!" म्हणत होती. माझ्या पोटात दुखलं. तुझी आई होती तोवर दरवर्षी मला असंच उतरवायची आणि मी खेकसायचो, "मी काय आंधळा आहे?" शिंपी मात्र गुमान चालत होता. मला ते बघवलं नाही.

कालपासून उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगताहेत. साखरही वाढली आहे. आता हट्ट करून चालणार नाही.

थेंब घातले की चार-पाच तास नीट दिसत नाही, तेव्हा बारा वाजता न्यायला ये. आज शिंप्यालाही पुन्हा बोलावलं आहे. पायऱ्या उतरताना माझा हात घट्ट धर. शिंप्याला थेंबांमुळे दिसणार नाही, म्हणून "बाबा, पायरी आहे, पायरी!" असं जरा त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हण. मी खेकसणार नाही.

बाबा