माझ्या भावाच्या हातात कोणते तेल गेले, ते कळवण्याबाबत

प्रति,
मा. कार्यशाळा अधीक्षक,
यांत्रिकी विभाग, शहर स्वच्छता कार्यालय,
दुसरा मजला.

(समक्ष देत आहे. आवक शाखेत टाकणार नाही.)

अर्जदार: काटा लिपिक (गाड्यांचा वजनकाटा), खत यार्ड. यंत्र क्र. ३ च्या चालकाची थोरली बहीण.

विषय: यंत्र क्र. ३ (खत उचलून भरणारा जुना स्किड लोडर) याच्या टाकीत सध्या कोणते तेल आहे, ते आजच्या आज लेखी कळवण्याबाबत.

संदर्भ: १. भांडारपालांचे आज सकाळचे फोनवरील उत्तर: "असं तोंडी सांगता येत नाही. लेखी अर्ज द्या."
२. आपले परिपत्रक, 'तेलगळतीस आळा घालणे'.

महोदय,

लेखी मागितले म्हणून लेखी देत आहे. भाषा जागोजाग सुटली असेल, ती सुधारून वाचावी. मला सुधारायला वेळ नाही.

१. माझा धाकटा भाऊ यंत्र क्र. ३ चालवतो. परवा दुपारी या यंत्राच्या रबरी नळीला पडलेल्या सुईएवढ्या भोकातून तेलाची धार सुटली आणि त्याच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटात घुसली. तेल अंगावर उडाले असे मी म्हणत नाही. कातडी भेदून आत गेले, असे म्हणत आहे. काल शल्यचिकित्सकांनी बोट उघडून धुतले. आज दुपारी पुन्हा उघडणार आहेत. सकाळी त्यांनी मला विचारले, "आत गेलेलं तेल नेमकं कोणतं? काही तेलं आतून फार नासवतात. कळलं तर बोट ठेवायचा प्रयत्न करायचा की नाही, ते ठरवायला मदत होईल." मी त्यांना म्हणाले, एवढंच ना, आमच्या ऑफिसला फोन करून पाच मिनिटांत सांगते. इतकी वर्षे या खात्यात नोकरी करून मी असे बोलून बसले, याची मला अजून लाज वाटते.

२. भांडारपालांनी फोन उचलला. रोज माझ्या काटाघराच्या खिडकीशी उभे राहून माझ्या थर्मासमधला चहा पिणाऱ्या या गृहस्थांनी आधी मी कोणत्या शाखेतून बोलते ते विचारले. मग संदर्भ क्र. १ मधले उत्तर दिले. मी म्हणाले, अहो, माणूस टेबलावर आहे. ते म्हणाले, "म्हणूनच तर. उद्या चौकशी लागली तर माझ्या अंगाशी येईल." मग मी यार्डाच्या मेकॅनिकला फोन लावला. कोणतीही गळती ते टेप गुंडाळून थांबवतात, म्हणून त्यांना सगळे टेपमामा म्हणतात. ते बिचारे खरे बोलले. म्हणाले, "कोणतं म्हणून सांगू ताई? सगळंच आहे त्यात."

३. 'सगळंच' कसे झाले, ते आपल्याला ठाऊक आहे. पण आपण ते कधी एका जागी वाचलेले नाही, म्हणून लिहिते. आपल्या दप्तरी यंत्र क्र. ३ 'सुस्थितीत' आहे. यार्डात त्याला 'रडकी' म्हणतात, कारण ते जिथे उभे राहते तिथे तेल टिपकत असते. पुढची लोखंडी बादली उचलणारे त्याचे हात जॅकवर, म्हणजे तेलाच्या जोरावर, चालतात. त्या जॅकची रबरी सील झिजली आहेत आणि नळ्या तडकल्या आहेत. सील बदलून मिळावीत अशी मागणी भावाने केली. ती परत आली. शेरा होता, 'यंत्र सुस्थितीत असल्याने सुट्या भागांची आवश्यकता दिसून येत नाही.' हा शेरा ज्यांनी लिहिला त्यांना मी एकदा त्या यंत्राखाली पांढरा सदरा घालून झोपवणार आहे.

४. मग प्रश्न निघाला की यात तेल तरी कोणते घालायचे. टाकीच्या झाकणाशेजारी यंत्र बनवणाऱ्यांनी पत्र्याची पट्टी लावली होती. दरवर्षी तपासणीआधी आपण यंत्रांना रंग देता, त्यात तीही पिवळी झाली. भावाने ब्लेडने रंग खरवडून ती वाचली. त्यावर इंजिनच्या तेलाचा क्रमांक होता, दहा-तीस. जुन्या यंत्रांत जॅकलाही तेच तेल चालवत, असे टेपमामांनीही सांगितले. आपल्या कार्यालयाने मात्र असा निष्कर्ष काढला की हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे जॅकच्या टाकीत, इंजिनचे तेल सांगणारी पट्टीच चुकीची असावी. ज्याने यंत्र बनवले तो चुकला आणि ज्यांनी त्याला रंग फासला ते बरोबर! भावाला 'शासकीय रंगकामास इजा पोहोचवल्याबद्दल' ताकीद मिळाली आणि पट्टीवर रंगाचा दुसरा हात फिरला.

५. त्यानंतर आपण बैठक घेतली. बैठकीत ठरले की पातळ तेल लवकर गळते, सबब जाड तेल वापरावे. भांडारात गिअरचे तेल पडून होते, ते ओतले. महोदय, मला यंत्रातले काही कळत नाही. पण पातेल्याला भोक पडले तर मी पातेले बदलते, आतले शिजवून घट्ट करत बसत नाही. त्या तेलाने सकाळी यंत्र सुरू केले की पंप असा किंचाळायचा की मला वजनाचा आकडा दुसऱ्यांदा विचारावा लागायचा. भाऊ म्हणाला, पंप जाईल. म्हणून नंतर कोणीतरी ते पातळ व्हावे म्हणून त्यात कचरा दाबायच्या प्रेसचे तेल मिसळले. कोणी आणि किती, ते आजतागायत कोणी कबूल करत नाही.

६. आता संदर्भ क्र. २. आपल्या परिपत्रकात म्हटले आहे की 'गळती ही भरलेल्या तेलाच्या प्रमाणात होत असल्याचे निदर्शनास आले आहे, सबब भरणा मर्यादित ठेवावा.' हे वाक्य मी तीनदा वाचले. मग माझ्याबरोबरच्या लिपिकालाही वाचायला लावले, मलाच काही झाले आहे का ते पाहायला. तेल घातलेच नाही तर गळणार नाही, हे आपले म्हणणे बिनतोड आहे. त्याच न्यायाने चालकांना पगार दिला नाही तर ते आजारी रजा घेणार नाहीत. त्याच परिपत्रकाप्रमाणे यंत्राखाली ट्रे ठेवला गेला आणि ट्रेमध्ये साचलेले तेल पुन्हा टाकीत ओतायचा हुकूम निघाला. खताच्या यार्डात उघडा ट्रे! त्यात माती, काचेचा चुरा, कुजका पाला, कधी कावळ्याचे पीस. ते सगळे जॅकमध्ये फिरले आणि उरलीसुरली सील कापून निघाली. गळती वाढली. गळती वाढली म्हणून मुकादमांना आपल्याकडून बोलणी बसली. मुकादमांनी ती भावाला ऐकवली. आमच्याकडे तेल आणि शिव्या दोन्ही वरून खाली येतात.

७. परवा मुकादमांनी फर्मावले की यंत्र चालू ठेवून गळती नेमकी कुठे आहे ते शोध. भाऊ पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन आला. धार पुठ्ठ्यावर पडली की जागा कळते आणि हात लांब राहतो. मुकादम सगळ्यांसमोर ओरडले, "पुठ्ठा कशाला? हात काय भाड्याने दिलेत का? फिरव हात नळीवरून, ओलं लागेल तिथं धर." माझा भाऊ तापट आहे, पण चारचौघांत भित्रा म्हणून घेणे त्याला जमत नाही. त्याने पुठ्ठा फेकला आणि हात फिरवला. याबद्दल मी त्याला बरा झाल्यावर वेगळे बोलणार आहे. तो माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "ताई, काहीतरी टोचलं बघ." बोटावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होता, रक्ताचा थेंबही नव्हता. संध्याकाळपर्यंत बोट दोन बोटांएवढे झाले आणि पांढरे पडले. मग मी त्याला ओढत रुग्णालयात नेले, कारण तो स्वतः 'उद्या बघू' म्हणत होता.

८. काल आपल्याकडून त्याला पत्र आले. त्यात ही घटना 'टाचणी टोचल्यासारखी किरकोळ इजा' असून अपघात या सदरात मोडत नाही असे लिहिले आहे. शिवाय निष्काळजीपणाचा खुलासा त्याने स्वहस्ताक्षरात सादर करावा, अन्यथा काही सांगायचे नाही असे समजण्यात येईल. महोदय, माझा भाऊ डावखुरा आहे. ज्या हाताने त्याने खुलासा लिहावा असे आपले म्हणणे आहे, तो हात दोरीने सलाईनच्या स्टँडला उंच बांधून ठेवला आहे. सांगायचे त्याच्याकडे पुष्कळ आहे. काल त्याने आपल्याबद्दल जे सांगितले ते ऐकून परिचारिकेने शेजारचा पडदा ओढला. ते मी इथे उतरवत नाही.

९. मागणी एकच आहे. टाकीत कोणकोणती तेले आहेत त्यांची नावे द्यावीत. अंदाज असेल तर अंदाज द्या. माहीत नसेल तर 'आम्हाला माहीत नाही' एवढे तीन शब्द सहीनिशी द्या, म्हणजे डॉक्टर वाट पाहणे तरी सोडतील. चौकशी कोणावर लागेल, ताकीद कोणाला मिळेल, गळती कोणाच्या माथी मारायची, हे सगळे आपण नंतर सावकाश करा. त्या बाबतीत आपला हात कोणी धरू शकत नाही. पण एका माणसाचे बोट अडले आहे आणि ते दुपारपर्यंतच थांबणार आहे.

आपली,
नम्र राहण्याची शिकस्त केलेली,
(सही)
काटा लिपिक, खत यार्ड

आज, सकाळी सव्वाअकरा

सोबत:
१. यंत्र क्र. ३ च्या टाकीतले तेल, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत. अशीच एक बाटली शल्यचिकित्सकांना दिली. त्यांनी वास घेतला आणि विचारले, "हे एकच आहे?"
२. भावाला आलेले आपले पत्र, मूळ प्रत. आम्हाला नको आहे.

ता. क. अर्ज घेऊन साडेअकराला आले. आपण बैठकीत आहात असे शिपायाने सांगितले आणि मला बसवले. मी अर्ज दाराखालून आत सरकवला, तो त्याने उचलून पुन्हा माझ्या हातात दिला. आता पावणेतीन वाजले आहेत. आत्ता रुग्णालयातून भावजयीचा फोन आला. बोट मुळापासून काढले. तेल तळहातापर्यंत पोहोचले होते, आणखी थांबता येत नव्हते. ती रडत नव्हती. एवढेच म्हणाली, "ताई, आता नका विचारू त्यांना."

तिचे बरोबर आहे. डॉक्टरांना आता तेलाचे नाव नको आहे. मला हवे आहे. उत्तर टपालाने पाठवू नये. मी आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसले आहे.