मावशींच्या खानावळीतलं गोल ताट

६ जानेवारी, सोमवार
साताऱ्यात चौथा दिवस. खोली मिळाली सदर बझारला, पण घरमालकीणबाईंचा नियम पक्का: गॅस नाही, शेगडी नाही, चहासुद्धा नाही. म्हणजे दोन्ही वेळा बाहेर. एक्केचाळिसाव्या वर्षी परत हॉस्टेल.
वि. आणि श्रेया मिरजेत. पोरीचं दहावीचं वर्ष, तिला हलवायचं नाही असं आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं, आणि बदलीवर मी एकटी आले.
संध्याकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात गेले. दारातच वेटर, "किती जण?" म्हटलं, एक. त्यानं माझ्या मागं बघितलं, कुणी येतंय का म्हणून. "मॅडम, वर फॅमिली रूम आहे." वर एकही फॅमिली नव्हती. पंखा बंद, टेबल ओलं. शेवभाजीवर तेलाचा हा एवढा तवंग. खाली लोक आरामात बसलेले, मला वर का? एकटी बाई म्हणून. एवढंच असेल.

८ जानेवारी, बुधवार
लॅबमध्ये मातीचे नमुने गोण्यांनी येऊन पडलेत. आधीच्या माणसानं चिठ्ठ्यासुद्धा नीट लावलेल्या नाहीत. कोरेगावची माती जावळीच्या नावावर.
शेजारच्या टेबलावरचे सावंत बोलके आहेत. नाश्त्याला कुठं, मिसळीला कुठं, सगळं सांगून टाकलं. काल त्यांच्या सांगण्यावरून राजवाड्याच्या चौपाटीवर जाऊन उभ्या उभ्या पावभाजी खाल्ली. ते बरं वाटलं. कागदी प्लेट, खाल्ली की टाकली, कुणी काही विचारत नाही. पण आज पोट बिघडलं. सावंत म्हणाले, "रोजचं चौपाटीचं नाही चालायचं मॅडम. मावशींकडं जा. मंगळवार तळ्याच्या अलीकडं, घरातच खानावळ आहे. मूळच्या मेढ्याच्या. बाईच्या हाताला चव आहे."

९ जानेवारी, गुरुवार
गेले. पुढची खोली, चार टेबलं, मागं स्वयंपाकघर, त्याच्या मागं मोरी. मावशी पंचावन्नच्या असतील, पदर खोचलेला, पिठाचे हात.
"कुठल्या तुमी?"
"सांगलीकडची. कवठेमहांकाळ."
"लांब आलाय की. आडनाव?"
"कांबळे."
"अस्सं. बसा की, भाकरी गरम हाय."
हे 'अस्सं' मी शाळेपासून ऐकत आलेय. एक असतं ते नुसतंच. दुसऱ्याच्या पुढं जरा थांबा असतो. आजचं कुठलं, कळलं नाही. पीठ मळता मळता म्हणाल्या, तोंड दिसलं नाही.
पावट्याची आमटी, बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा. तीन भाकऱ्या खाल्ल्या. आईच्या हातची सोडली तर अशी आमटी पहिल्यांदा.
खिडकीच्या टेबलाला एक रिटायर्ड गृहस्थ, सगळे नाना म्हणतात. बायको गेल्यापासून बारा वर्षं इथंच जेवतात. "नवीन का? कुठल्या ऑफिसात?" विचारलं. चांगले बोलले. महिन्याचं ठरवून आले.

१३ जानेवारी, सोमवार
भोगी. मिसळीची भाजी, तीळ लावलेली भाकरी, वर लोण्याचा गोळा. सगळे आधी भाजीवर तुटून पडले. माझं लक्ष मात्र ताटावर.
सगळ्यांना कप्प्यांची ताटं. नानांना, त्या दोन एलआयसीवाल्यांना (एजंट आहेत म्हणे), कॉलेजच्या पोरींना. मला गोल ताट, दोन वाट्या. परवाही गोल होतं. आधीही बहुतेक गोलच. बहुतेक.
कप्प्यांची कमी पडली असतील. पण आज रॅकमध्ये पाच-सहा उपडी घातलेली दिसली.
लोणी छान होतं. नीट लागलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. मावशींनी हातावर तिळगूळ ठेवला. वरून टाकला नाही, ठेवला. बोट लागलं. हे मी लिहून ठेवतेय म्हणजे माझंच डोकं फिरलंय का?
कॉलेजच्या पोरींना म्हणाल्या, "रथसप्तमीच्या आत हळदीकुंकवाला या गं." मी हात धूत होते. मला म्हणाल्या नाहीत. आम्ही कुंकू लावत नाही, मला बोलावून मी गेले असते असंही नाही. पण म्हणाल्या नाहीत.

१६ जानेवारी, गुरुवार
नमुन्यावर खूण केल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, हे ट्रेनींना मीच शिकवते. जेवण झाल्यावर पर्समधलं नेलपेंट काढून ताटाच्या बुडाला ठिपका दिला. चोरी केल्यासारखं इकडंतिकडं बघितलं. नानांनी बघितलं की काय, कळलं नाही. पेपर तोंडापुढं होता.

१७ जानेवारी, शुक्रवार
दुपारी ठिपका आला. संध्याकाळी ठिपका आला.
हात धुवायला म्हणून मोरीपर्यंत गेले. कप्प्यांची ताटं रॅकमध्ये. माझं गोल ताट आणि दोन वाट्या खिडकीच्या कट्ट्यावर, वेगळी, फडक्यावर पालथी.
तरी आमटी मागून घेतली. दोनदा. याचा मला स्वतःचा राग आलाय.

१९ जानेवारी, रविवार (मिरज)
काल संध्याकाळच्या गाडीनं आले. श्रेयाचा सराव परीक्षेतला गणिताचा पेपर चांगला गेला. वि.नं वांग्याचं भरीत केलं होतं, कच्चं. पोरीनं आणि मी गप खाल्लं.
त्याला ताटाचं सांगितलं. म्हणाला, "प्रतिभा, तुला सगळीकडं तेच दिसतं. ताट जुनं असेल, जास्तीचं असेल. विचारून मोकळी हो." त्याच्या शाळेत सगळे एकत्र डबा खातात, त्याला सोपं आहे. मी म्हटलं, विचारलं आणि नाही म्हणाल्या तर? खरं कसं ओळखायचं? तो म्हणाला, "मग जाऊ नको." जाऊ नको तर जेवू कुठं, ते नाही सांगितलं.
बाबा एकदाच बोलले होते, गावातल्या हॉटेलच्या छपरात खोचलेल्या कपाबद्दल. आपला आपण काढायचा, विसळायचा, परत खोचायचा. मी तेव्हा श्रेयाएवढी होते. वाटलं, जुनी गोष्ट सांगतायत.
आईला गावाकडं फोन लावला. सगळं ऐकून घेतलं.
"भाकरी कशी असत्या गं त्या बाईची?"
"लय चांगली."
"मग तर वाईटच की गं. वंगाळ आसती तर कवाच उठून आली आसतीस."

२१ जानेवारी, मंगळवार
दुपारी मुद्दाम उशिरा गेले. कुणी नव्हतं. मावशी दळण निवडत होत्या. गोल ताट समोर आलं. वाढायच्या आधी हात आडवा धरला.
"मावशी, मला हेच ताट रोज का?"
त्यांनी आमटीचं भांडं खाली ठेवलं. मला वाटलेलं, काय बाई बोलता, म्हणतील. नाही म्हणाल्या.
"कळलं व्हय तुमाला."
"ठिपका दिला होता."
"त्यो बघितला मी. वाटलं कसला डाग, घासूनबी जाईना." मग बराच वेळ दळणातले खडे वेचत राहिल्या. "नानांनी इचारलं वो. तुमी आला त्याच्या दुसऱ्या दिशी. म्हणाले, ताटं सगळी एकातच घासतीस का गं? म्या म्हनलं, न्हाई, कांबळे मॅडमचं येगळं ठेवते. झालं. नानांचं त्वांड बंद."
"आणि माझं?"
"तुमाला कळू न्हाई आसं बघत हुते. बारा वर्सं जेवत्यात त्ये. आमचं मालक गेलं तवा ह्या घरात सगळ्यात आदी त्येच आलं हुतं."
मी उठले. दारापर्यंत आले तर मागनं म्हणाल्या, "मॅडम, त्ये ताट माझं हाय. माज्या आईनं दिल्यालं. तुमी गेल्यावर त्याच ताटात मी जेवते. रोज."
न जेवता ऑफिसात आले. सावंतांना म्हटलं, उपास आहे. "मंगळवारचा? गणपतीचा का?" हो म्हटलं.

२१, परत
खरं असेल का? त्या जेवतात त्याच ताटात? खरं असेल तर ते ताट वेगळं नाही, घरचं आहे, आणि फसवले गेले ते नाना. खोटं असेल तर बाईला ऐनवेळी चांगलं सुचलं. कट्ट्यावर फडकं घालून ठेवलेलं असतं ताट. जपून ठेवल्यासारखं. पण वेगळं.
आणि खरं असलं तरी. नानांना वाटतंय ते वाटू दिलं ना. मला पुढं करून त्यांचं मन राखलं. मला न विचारता.

२३ जानेवारी, गुरुवार
दोन दिवस गेले नाही. काल इडली, आज दुपारी वडापाव, आत्ता केळी. पोवई नाक्यावरच्या एका हॉटेलात थाळी बघून आले. माणसं बरी वाटली. मग तिथल्या ताटांकडं बघत बसले, कुणाला कुठलं येतंय. उठून आले. असंच होणार आता, कुठंही जाऊन.
सावंत म्हणाले, "मावशी विचारत होत्या, मॅडम आजारी आहेत का म्हणून." सावंतांना ताटाचं माहीत असेल? तेच तिथं पाठवणारे. त्यांना कधी कुठलं ताट मिळालं असेल? पवार, कदम, सावंत, असल्या आडनावांना हा प्रश्नच पडत नसेल.
वि.ला फोनवर सांगितलं. या वेळी म्हणाला, "मी येऊ का शनिवारी?" म्हटलं, नको. मी बघते.

२४ जानेवारी, शुक्रवार
संध्याकाळी साडेसातला गेले. सगळे होते. नाना खिडकीपाशी, आमटीत भाकरी कुस्करून बसलेले.
मी सरळ आत गेले. रॅकमधलं वरचं कप्प्यांचं ताट घेतलं, पाण्याखाली धरलं, आणि बाहेर येऊन नानांच्या समोरच्या खुर्चीवर बसले. ती खुर्ची कायम रिकामी असते. ताट समोर ठेवलं.
नाना म्हणाले, "इकडं कुठं आज?"
"जेवायला."
मावशी पळी घेऊन दारात उभ्या. माझ्याकडं बघितलं, नानांकडं बघितलं. एलआयसीवाले बोलायचे थांबले. मी म्हटलं, "वाढा मावशी, भूक लागलीय."
मग आल्या. आधी भाकरी, मग उसळ. उसळ वाढताना मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "नाना, ताटं सगळी एकातच घासते मी. पयल्यापास्नं."
नानांनी हातातला घास खाली ठेवला. मग उठले, मोरीवर गेले, चूळ भरली, चप्पल घातली. अर्धी भाकरी ताटात. दारात थांबून मावशींना म्हणाले, "येतो." रोजही असंच म्हणतात की आजच म्हणाले, मला आठवेना.
मी सगळं जेवले. मावशी त्यानंतर बाहेर आल्याच नाहीत, आतून नुसता भाकरी थापल्याचा आवाज. निघताना दारातून बघितलं. डोळे पदरानं पुसत होत्या. चुलीचा धूर म्हणावं तर गॅस आहे.
माझ्यासाठी की बारा वर्षांसाठी, ते मला कळायचं कारण नाही.
उद्या मावशी गावाला, खानावळ बंद. रविवारी सकाळी उघडी असते. जाणार आहे. नाना आलेले असतील का, आणि आले तर कुठल्या खुर्चीवर बसतील?